वाशी कागदाचं फर्निचर रोजच्या वापरात टिकेल का?

तुम्ही विचारलंय की वाशी, म्हणजे जपानी हातकागद, फर्निचरला चालेल की दिव्यांपुरताच ठेवावा. मी सुतारकामातून वाशीकडे वळले. माझं उत्तर: चालतो, आणि छान चालतो. फक्त त्याच्यावर भार टाकायचा नाही, त्याला ताणून ठेवायचं. भार लाकूड किंवा बांबू घेईल.

कागद घेताना 'राइस पेपर' या नावाला भुलू नका. वाशीत तांदूळ नसतो. कोझोचा कागद मागा. कोझो तुतीच्या कुळातलं झुडूप. त्याची आतली साल शिजवून बडवतात, पण तंतू लांबच राहू देतात. हे तंतू ज्या पाण्यात कालवतात त्यात तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस असतो, त्यामुळे पाणी सावकाश निथळतं आणि चाळणी हलवताना तंतू एकमेकांत गुंततात. पातळ असूनही कागद चिवट होतो तो यामुळे.

जोड द्यायचा असेल तर कात्री लावू नका. पट्टी धरून ओल्या कुंचल्याने रेघ मारा, पाणी मुरू द्या, मग हलकेच ओढा. कडेला तंतूंची मऊ लव सुटते. अशा दोन कडा गव्हाच्या खळीने चिकटवल्या की जोड बोटाला जेमतेम लागतो.

चौकटीवर कागद लावून खळ पूर्ण वाळली की पाण्याचा बारीक फवारा मारा. आधी लाटा उठतील, घाबरू नका. वाळताना तो आक्रसतो आणि टिचकीला डफासारखा वाजतो.

दाराला किंवा पडद्याला ब्योबूची, म्हणजे जपानी घडीच्या पडद्याची, बिजागरी करून बघा. कागदाच्या पट्ट्या एकीआड एक पुढून मागे, मागून पुढे नेतात; फळ्या दोन्ही बाजूंना दुमडतात, मध्ये फट राहत नाही. धातू शून्य! मला आजही ही सगळ्यात आधुनिक बिजागरी वाटते.

ट्रे किंवा पेटीसाठी इक्कानबारी: सांगाड्यावर कागदाचे थर, वरून काकीशिबू, म्हणजे पर्सिमनच्या कच्च्या फळांचा आंबवलेला रस. त्याने ओल बरीच अडते आणि रंग वर्षागणिक गडद होतो.

शिल्पकार इसामू नोगुचींनी १९५१मध्ये जपानमधल्या गिफू शहराच्या कागदी कंदिलांवरून 'आकारी' नावाचे दिवे सुरू केले. ते जरूर अभ्यासा. साच्यावर बांबूची काडी गुंडाळून वर कागद चिकटवतात आणि वाळल्यावर साचा सुटा करून आतून काढून घेतात.

आणि फेविकॉल नको. खळ पाण्याने सुटते, फाटलेला कागद काढून त्याच चौकटीवर नवा लावता येतो.