सही मागायची मुलाने, तयारी करायची आपण

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मे महिन्यात दहा वर्षांच्या मुलाला घेऊन न्यू जर्सीत, एडिसनला नणंदेकडे जाणार आहोत. आतेभावामुळे त्याला बेसबॉलचं वेड लागलंय आणि न्यूयॉर्कच्या यांकीज संघातल्या खेळाडूची सही हवीच म्हणून बसलाय. कुठे उभं राहायचं, काय न्यायचं, काहीच कळत नाही.

उत्तर : मे महिना चांगला आहे. तिथल्या मेजर लीग बेसबॉलचा मुख्य हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यामुळे तुमच्या मुक्कामात सामन्यांना तोटा नाही.

सही मिळते ती सामन्याआधीच. संध्याकाळी सातचा सामना असेल तर दारं साधारण दीड ते दोन तास आधी उघडतात. सरावात यजमान संघ आधी फलंदाजी करतो, पाहुणा संघ नंतर. प्रेक्षक आत येईपर्यंत यजमानांचा सराव आटपत आलेला असतो आणि पाहुणे मैदानात उतरत असतात. म्हणून यांकीजच्या खेळाडूची सही हवी असेल तर यांकीज जिथे पाहुणे असतील त्या गावचा सामना बघा, फिलाडेल्फिया किंवा बाल्टिमोर. २०२३ पासून प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्या संघांशी खेळतो, तेव्हा वेळापत्रकात काहीतरी सोयीचं सापडू शकतं. मात्र रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्याच दिवशी दुपारचा सामना असेल तर मैदानावरचा सराव बहुतेक वेळा रद्द होतो. पाऊस असला तरी तेच. अशा दिवशी लवकर जाऊन मूल नुसतं ताटकळतं.

जागा निवडताना जाळीकडे लक्ष द्या. २०१८ च्या हंगामापासून लीगमधल्या तिसांही संघांच्या मैदानांवर निदान डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, टोकापर्यंत संरक्षक जाळी आहे, बहुतेक ठिकाणी तर पुढेही. जाळीतून चेंडू पलीकडे जात नाही. त्यामुळे डगआउटच्या मागे गर्दी करण्यापेक्षा जाळी जिथे संपते तिथे, आउटफील्डच्या बाजूच्या कठड्याशी, मुलाला पहिल्या रांगेत उभं करा. आपलं तिकीट वरच्या मजल्याचं असलं तरी सराव चालू असेपर्यंत काही मैदानांवर खाली जाऊ देतात. जिन्याशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी विचारा, गुपचूप घुसू नका. सामना सुरू व्हायच्या वीस ते चाळीस मिनिटं आधी फलंदाज अंग मोकळं करायला त्याच बाजूच्या हिरवळीवर येतात. ते आटपून आत परतताना काहीजण कठड्याशी थांबतात. ही दुसरी संधी. त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, मात्र हाक मारू नका. तो त्याच्या तयारीत असतो. बाकीचे पिचर सरावाच्या वेळी आउटफील्डमध्ये चेंडू गोळा करत असतात आणि त्यांना बऱ्यापैकी सवड असते.

खेळाडू ओळखायचा कसा, हे आधीच ठरवा. यांकीजच्या जर्सीवर पाठीवर नाव नसतं, फक्त क्रमांक. सरावाच्या वेळी वर जाकीट असलं तर तोही दिसत नाही. संघाच्या संकेतस्थळावरून क्रमांक, नाव आणि चेहरा अशी एका कागदाची यादी छापून न्या आणि मुलाला विमानातच पाठ करायला द्या. ‘हे, इकडे बघा’ ऐकून कुणी वळत नाही, नावाने हाक मारली तर वळतात. मुलाने म्हणायचं एवढंच, ‘मिस्टर अमुक, प्लीज, माझ्या चेंडूवर सही कराल का?’ आणि सही झाली की, किंवा नाही झाली तरी, ‘थँक यू’. हे घरी चार वेळा मोठ्याने म्हणून घ्या, कारण ऐन वेळी मुलांचा घसा बसतो. तुम्ही चार पावलं मागे राहा. मोठ्यांनी मुलाला पुढे ढकलून तीन-तीन चेंडू पुढे केले की खेळाडूला विक्रीचा वास येतो. एकच वस्तू द्या आणि शक्य तर मुलाचं नाव घालून सही मागा. नाव घातलेली सही कुणी विकत नाही, हे खेळाडूंना ठाऊक असतं. मराठी नाव त्यांना ऐकून लिहिता येणार नाही, म्हणून इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या हातात असू द्या.

आता वस्तू. चेंडू अधिकृत, खऱ्या चामड्याचा घ्या, तिथल्याच दुकानातून. स्वस्तातल्या कृत्रिम आवरणाच्या चेंडूवर शाई नीट धरत नाही. सहीची जागा ठरलेली आहे: चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात, आणि जिथे दोन शिवणी एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात तिथली छापाशिवायची मोकळी पट्टी. चेंडू देताना ती पट्टी वर ठेवून द्या. पेन साधं निळं बॉलपेन, तेही बटणाचं, म्हणजे टोपण हरवायची भानगड नाही. इथेच सगळ्यांची चूक होते. चांगला म्हणून जाड परमनंट मार्कर नेतात आणि चामड्यात त्याची शाई पसरून काही वर्षांनी अक्षराभोवती निळसर झालर उठते. जेल पेन तर हात लागला की फिसकटतं. मार्कर ठेवा तो फोटो, टोपी आणि खेळाडूंच्या छापील कार्डासाठी. कार्ड फार चकचकीत असेल तर त्यावर शाईचे थेंब गोळा होतात. आदल्या रात्री चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने हलकी फिरवून मऊ कापडाने पुसून घ्या. खाली धरायला पुठ्ठा द्या, खेळाडूसमोर टेबल नसतं. सही झाल्यावर दहा मिनिटं तरी प्लास्टिकच्या पाकिटात सारू नका. आणि मुलाच्या हाताला सनस्क्रीन किंवा पॉपकॉर्नचं लोणी असेल तर चेंडू आतेभावाकडे द्या.

बॅगेच्या आकाराचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे असतात, पाठीवरची सॅक बऱ्याच ठिकाणी चालत नाही. निघण्यापूर्वी तपासा.

आमचा मनापासून सल्ला असा, की एक दिवस ब्रिजवॉटरला काढाच. एडिसनहून जवळ आहे. तिथला सॉमरसेट पेट्रियट्स हा २०२१ पासून यांकीजचा डबल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खालचा. मैदान छोटं, तिकीट स्वस्त, खेळाडू विशी-बाविशीतले आणि कठड्यापाशी थांबून मुलांशी बोलणारे. मोठ्या मैदानावर दोन तास थांबून रिकाम्या हाताने परत येणं सहज घडतं. इथे मूल बहुधा काहीतरी घेऊनच परततं, आणि त्यातला एखादा पुढे यांकीजमध्ये दिसला तर ती सही घरात सगळ्यांत लाडकी ठरेल.

प्रश्न : अमेरिकेला जाणं जमणार नाही. वाशीहून पत्र पाठवून सही मिळते का?

उत्तर : मिळते, पण धीर हवा. पत्र मुलाने स्वतःच्या हाताने, इंग्रजीत, एका पानात लिहावं: नाव, वय, गाव आणि त्या खेळाडूचा नेमका कुठला खेळ आवडला. ‘तुम्ही महान आहात’ असं सगळेच लिहितात. सोबत सहीसाठी पोस्टकार्डाएवढं कोरं जाड कार्ड आणि ते परत पाठवायला एक पाकीट ठेवा. चेंडू पाठवू नका. पत्ता संघाच्या मैदानाचा, वर खेळाडूचं नाव. फेब्रुवारी-मार्चमध्ये संघ फ्लोरिडा किंवा अॅरिझोनात सराव शिबिराला असतात. तेव्हा तिथल्या मैदानाच्या पत्त्यावर पाठवलेल्या पत्राकडे बघायला खेळाडूंना थोडी फुरसत असते.

अडतं ते परतीच्या पाकिटावर. आपला पत्ता लिहून आपलं भारतीय तिकीट चिकटवलं तर ते तिथून निघणारच नाही. अमेरिकेचं टपाल तिकीट हवं. तिथे ‘ग्लोबल फॉरएव्हर’ नावाचं गोल तिकीट मिळतं, एक औंसापर्यंतचं, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचं साधं पत्र त्यावर परदेशी जातं. तिथे कुणी ओळखीचं असेल तर दोन-चार मागवून ठेवा, किंवा परतीचा पत्ता त्यांचाच द्या. उत्तर यायला महिने लागतात, कधी येतही नाही, कधी छापील सहीचा फोटो येतो. हे मुलाला पत्र टाकण्याआधीच सांगा. आणि एकदम चार-पाच खेळाडूंना लिहा.

प्रश्न : सीवूड्सला राहतो. मुलीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला क्रिकेटपटूंची सही घ्यायची आहे. २ नोव्हेंबर २०२५ चा विश्वचषक तिथेच जिंकलेला पाहिल्यापासून ध्यास घेतलाय.

उत्तर : वर लिहिलेलं बरंचसं इथेही लागू: नाव पाठ, वस्तू एक, मागायचं मुलीने. फरक दोन. प्रवेशाच्या वेळी कोणत्या वस्तू चालत नाहीत त्याची यादी तिकिटासोबत येते. त्यात पेन आहे का ते आधी वाचा, नाहीतर दारातच टाकून द्यावं लागेल. आणि लाल चेंडूवर निळं पेन दिसत नाही, त्याला चंदेरी मार्कर लागतो. सगळ्यात सोपी छोटी लाकडी बॅट आणि काळा मार्कर. सामना संपल्यावर संघाच्या बसमागे धावू देऊ नका. बाजूलाच सायन-पनवेल महामार्ग आहे आणि अंधारात गाड्या वेगात असतात.

प्रश्न : सही केलेला चेंडू पिवळा पडतोय. काय करावं?

उत्तर : पडलेला पिवळेपणा निघत नाही, पुसायला जाल तर सही जाईल. वाढू मात्र देऊ नका. खिडकीसमोरून हलवा, उन्हाने चामडं पिवळं पडतं आणि शाई फिकी होते. वर वॉर्निश किंवा सेलोटेप लावू नका. पावसाळ्यात आपल्याकडे चामड्यावर बुरशी धरते, म्हणून बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीच्या शोकेसमध्ये ठेवू नका. दमट हवेच्या दिवशी हवाबंद डबीत कोंडला तर ओलही आतच राहते. कोरड्या दिवशी, हात धुऊन पुसून, डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि जून ते सप्टेंबर ती पुडी दर महिन्याला बदला.