वाचकांचे प्रश्न : वारशाची रायफल आणि तिची गोळी

शहादा : आजोबांची विलायती दुनळी रायफल वारसा परवान्यावर माझ्या नावे झाली आहे. बोअर (नळीचे माप) .४७०. नळीवर ‘कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स’ असे कोरले आहे. हल्लीची हलकी, वेगवान तांब्याची गोळी वापरली तर धक्का कमी बसेल, असे एकाने सांगितले. वापरू का?

उत्तर : नको. कोरलेल्या आकड्यांचा अर्थ असा : ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेन वजनाची गोळी, यापुढे जायचे नाही. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणून गोळी झाली साधारण ३२.४ ग्रॅमची. यातला ७५ हा आकडा फक्त कॉर्डाइटचा, म्हणजे शेवयांसारख्या काड्यांच्या त्या जुन्या दारूचा आहे. दुसरी कुठलीही दारू तेवढीच तोलून घातली तर दाब भलताच होतो. तेव्हा तो आकडा भरण्याचे माप म्हणून कोणी वाचून दाखवला तर ऐकू नका.

आता हलक्या गोळीचे. दुनळीच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे किंचित जवळ आणलेल्या असतात. बार उडाला की रायफल मागे येता येता उजवी नळी उजवीकडे व वर झुकते, डावी डावीकडे. गोळी नळीत किती वेळ आहे यावर हे झुकणे ठरते आणि कारागिराने नळ्या त्याच हिशेबाने जोडलेल्या असतात. .४७० साठी तो हिशेब ५०० ग्रेन आणि सेकंदाला सुमारे २१५० फूट वेगाचा आहे. हलकी, वेगवान गोळी लवकर बाहेर पडते, झुकणे अपुरे राहते आणि दोन्ही नळ्यांचे नेम एकमेकांना ओलांडतात : उजवीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे. गोळी संथ असेल तर उलट, नेम बाहेरच्या बाजूंना फाकतात. मग कोणी दृष्टीपट्टी घासून नेम ‘ठीक’ करायला निघतो आणि चांगली रायफल बिघडवतो.

अखंड तांब्याची गोळी शिशाइतकी दबत नाही. जुन्या पातळ नळीत आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचा-कडांवर, तिचा ताण जास्त येतो आणि काही नळ्यांवर बाहेरून आट्यांचे वळ उमटल्याची उदाहरणे आहेत. शिशाच्या गाभ्याची, मऊ नाकाची, ५०० ग्रेनचीच गोळी घ्या. जाता जाता : हे बोअर जन्मले तेच हिंदुस्थानामुळे. इंग्रज सरकारने इथे .४५० ला बंदी घातली आणि विलायतेतल्या कारागिरांनी बंदीत न बसणारी नवी मापे काढली. .४७० त्यांतलेच, १९०७ चे.

चोपडा : माउझर बोल्ट रायफल आहे, परवान्यावर नुसते ‘८ मि.मी.’. विक्रेत्याकडे ८ मि.मी.ची दोन-तीन प्रकारची काडतुसे आहेत. कोणते घ्यायचे?

उत्तर : नळी मोजल्याशिवाय एकही नाही. ‘८ मि.मी.’ हे एकाच काडतुसाचे नाव नाही. आपल्याकडच्या आयुध निर्माणीचे .३१५ हे ८×५० मानलिखर घराण्यातले, बुडाला कडा असलेले काडतूस. ते माउझरच्या चेंबरचे, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसते त्या जागेचे, नाही. खरा धोका ८×५७ मध्येच दडला आहे. जर्मनांच्या १८८८ च्या नळीला .३१८ इंचाची (८.०८ मि.मी.) गोळी लागे. १९०५ नंतर टोकदार गोळी आली ती .३२३ इंचाची (८.२० मि.मी.). केस, म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे, दोन्हींची ५७ मि.मी.च, त्यामुळे जाडी गोळी जुन्या नळीच्या रायफलीत घातली तरी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बहुधा मुकाट बंद होतो. फरक कळतो तो चाप ओढल्यावर : गोळी आवळली जाते आणि दाब चढतो. उलटे केले, म्हणजे रुंद नळीत बारीक गोळी घातली, तर गॅस बाजूने निसटतो आणि नेमाचा पत्ता राहत नाही.

मोजायचे असे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. नळीत पातळ तेलाचा फडका फिरवा. शुद्ध, नरम शिशाचा तुकडा नळीपेक्षा किंचित जाड घ्या, तेल लावा आणि चेंबरकडून लाकडी किंवा पितळी गजाने एका दमात पुढे ढकला. लोखंडी गज नको, आटे खरवडतात. ढकलताना हात सांगतो : मध्येच सैल जागा लागली तर तिथे नळी फुगलेली आहे, अडली तर गंज किंवा पोचा. बाहेर आलेल्या शिशावर उंचवटे दिसतील. ते आट्यांच्या खोलगटांचे ठसे. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांवर मायक्रोमीटर लावा. ८.२० च्या आसपास आले तर रुंद नळी, ८.०८ च्या जवळ आले तर जुनी. इथे सगळा प्रश्न ०.१२ मि.मी.चा आहे, म्हणून साधा व्हर्नियर पुरेसा मानू नका.

नळीचे माप कळले तरी चेंबर उरतेच. परवानाधारक गनस्मिथ (बंदुकांचा कारागीर) त्याचा साचा सेरोसेफ नावाच्या मिश्रधातूने काढतो. तो उकळत्या पाण्यापेक्षा कमी उष्णतेत वितळतो, आधी थोडा आकसतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या मूळ मापावर येतो. तेव्हाच मोजायचा. कुठल्यातरी पूर्वजाने चेंबर रुंदावून बोअर बदलले असेल तर ते इथेच उघडे पडते.

पाचोरा : जुनी काडतुसे पत्र्याच्या खोलीत, खताच्या गोण्यांशेजारच्या पेटीत होती. काहींना हिरवट थर आहे, दोन-तीनांच्या मानेवर बारीक उभी चीर. पुसून वापरता येतील?

उत्तर : चीर असलेली तर नाहीच, पण त्याच पेटीतली बाकीचीही नाहीत. पितळ घडवताना त्यात ताण राहतो. दमट हवेत त्याला अमोनिया मिळाला की ते कणांच्या सीमांवर तडकते. इंग्रजांच्या सैन्याला हा प्रकार इथेच भोवला. पावसाळ्यात पागेजवळ ठेवलेली काडतुसे आपोआप चिरत आणि कारण होते घोड्यांच्या मुतातला अमोनिया. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. तुमच्याकडे पागेचे काम गोण्यांतल्या युरिया खताने केले. गोठ्याला लागून असलेली खोलीही तेवढीच वाईट.

पत्रा हा दुसरा शत्रू. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून वर. उष्णतेने दारू लवकर कुजते, आणि तापलेले काडतूस झाडले तर दाबही वाढतो. कॉर्डाइट याबाबत विशेष नाजूक, म्हणून विलायतेतून उष्ण मुलखासाठी कमी भरणीची वेगळी काडतुसे येत. काडतुसे पक्क्या भिंतीच्या खोलीत, कुलपात, जमिनीपासून उंच ठेवा. खराब झालेली शेतात पुरू नका आणि विहिरीत टाकू नका. नोंदीसह पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.

साक्री : आमच्या बोअरची काडतुसे बाजारात मिळत नाहीत. रिकाम्या केसेस जपून ठेवल्या आहेत. घरी पुन्हा भरल्या तर?

उत्तर : तुमच्या हातातला परवाना बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री येते. म्हणजे ऑनलाइन दिसणारा तो भरणीचा प्रेसही आला. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. नियम जाचक वाटेल, पण तो तसा आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या केसेस बहुधा कामाच्या नाहीत. आत टॉर्च मारून पाहा. बुडाशी मध्यभागी एक भोक असेल तर बॉक्सर टोपी (टोपी म्हणजे ठोक्याने पेट घेणारी बुडातली वाटी), नेहमीच्या पिनेने निघणारी. दोन बारीक भोके असतील तर बर्डन. तिची ऐरण, म्हणजे ठोका जिच्यावर बसतो तो उंचवटा, केसमध्येच घडवलेली असते, पिनेला वाट नसते आणि जोर केला की पिन मोडते किंवा केसचे बूड बिघडते. जुनी विलायती काडतुसे बरीचशी बर्डनच. त्यात टोपीत पारा असेल तर पहिल्याच बाराला तो पितळात शिरून त्याला ठिसूळ करतो. हे डोळ्यांना दिसत नाही.

दिसते ते वेगळे : बुडाच्या थोडे वर, केसभोवती चकचकीत कडे. तिथे पितळ ताणून पातळ झालेले असते. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून वर ओढा. कड्याच्या जागी खाच लागली तर पुढच्या बाराला ती केस तिथेच तुटून अर्धी चेंबरमध्ये राहील आणि गॅस मागे, तुमच्या डोळ्यांकडे येईल. एकदाच झाडलेल्या केसवर हे कडे दिसत असेल तर दोष केसचा नाही. बोल्ट आणि चेंबरमधली मोकळीक वाढली आहे. रायफल गनस्मिथला दाखवेपर्यंत झाडू नका.

रावेर : रानडुकरे मका आणि केळीची नासधूस करतात. .३१५ चा परवाना पीकसंरक्षणाचा आहे. तेवढा पुरतो का?

उत्तर : नाही. शस्त्राचा परवाना आणि डुक्कर मारण्याची परवानगी वेगळ्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वन खात्याची लेखी परवानगी आधी हवी. मिळाली तरी पूर्ण धातूच्या कवचाची गोळी नको. ती आरपार जाऊन पलीकडच्या शिवारात पोहोचते. मऊ नाकाचीच वापरा आणि मागे मातीचा बांध असल्याशिवाय चाप ओढू नका. केळीची खोडे म्हणजे आडोसा नव्हे.

नंदुरबार : रायफल झाडून, तेल लावून ठेवली, तरी आठवड्यात नळीत तांबूस थर. तेल खोबरेल होते. कशामुळे?

उत्तर : जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर त्याचे क्लोराइड, म्हणजे मिठासारखाच क्षार, नळीत बसतो आणि हवेतले पाणी ओढतो. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे वरून कितीही तेल लावा, गंज खाली चालूच. त्याच संध्याकाळी बोल्ट काढा, नळीचे तोंड खाली धरा आणि चेंबरकडून लहान नरसाळ्याने साधारण लिटरभर उकळते पाणी सोडा. दस्त्याच्या लाकडात पाणी शिरू देऊ नका, फडके गुंडाळा. नळी तापल्यामुळे लवकर सुकते. मग फडका कोरडा निघेपर्यंत फिरवा आणि पातळ खनिज तेल लावा. बोल्टचे तोंडही याच पाण्याने धुवा, ते नेहमी विसरले जाते. खोबरेल थंडीत गोठते आणि बोल्टच्या पिनेला चिकटून बार चुकवते, शेंगदाण्याचे तेल सुकून चिकट होते. शिलाई मशीनचे तेल चालेल. पुढच्या वेळी झाडण्यापूर्वी मात्र नळीतले सगळे तेल कोरड्या फडक्याने काढून घ्या.