कृषी सल्ला : पायांवर पिसे असलेल्या शोभेच्या कोंबड्या आणि कोकणातला ओलावा

गणपती झाले आणि पावसाचा जोर ओसरला की कोंबड्यांबद्दलची विचारणा वाढते. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे ब्रह्मा, कोचीन आणि सिल्की या जातींबद्दल आहेत. पायांवर अगदी बोटांपर्यंत पिसे असणाऱ्या या शोभेच्या कोंबड्या. हौस चांगली आहे. परसात चार देखणे पक्षी असले की घरातली मुलेही त्यांच्यात रमतात. पण ज्या पिसांसाठी आपण हे पक्षी घेतो, ती जमिनीपासून बोटभर अंतरावर असतात आणि आपली जमीन वर्षातले चार महिने ओली असते. त्यामुळे खाली दिलेल्या बहुतेक उत्तरांत पुन्हा पुन्हा ओलाव्याचाच विषय येईल.

गुहागर तालुक्यातून एक बागायतदार विचारतात : मोबाइलवर ब्रह्माची जोडी पाहिली. पिल्ले एक महिन्याची आहेत, विक्रेता आगाऊ पैसे मागतो. घ्यावी का?

फोटो पाहून घेऊ नका. एक महिन्याच्या पिल्लात नर कोणता, मादी कोणती हे खात्रीने सांगता येत नाही, आणि सिल्कीत तर चार-सहा महिने होईपर्यंत भल्याभल्यांची फसगत होते. ‘जोडी’ म्हणून आणलेले दोन्ही कोंबडेच निघाले, अशी तक्रार नेहमी येते. ब्रह्माची चार-पाच महिन्यांची तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आणि त्याच वयाचा कोंबडा घ्या. थोडे जास्त पैसे जातील, पण डोळ्यांना दिसते ते घरी येईल. शक्य असेल तर विक्रेत्याच्या खुराड्यापर्यंत जा आणि आई-बाप पाहा. ते दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

पक्षी हातात घेतल्यावर ब्रह्माचा तुरा पाहा. तो बसका, मटारच्या दाण्यांच्या तीन ओळी शेजारी मांडल्यासारखा असतो. उभा, करवतीच्या दात्यांचा एकेरी तुरा असेल तर तो पक्षी ब्रह्मा नाही, कोणत्या तरी संकरातला आहे. कोचीनचा तुरा मात्र एकेरीच असतो. सिल्कीच्या पायाला पाच बोटे हवीत, कातडी काळसर हवी. ब्रह्मा आणि कोचीनमध्ये मधल्या बोटावरही पिसे असायला हवीत. फक्त बाहेरच्या बोटावर चार पिसे असतील तर संकराचा संशय घ्या. मग छातीचे हाड चाचपा. ते सुरीसारखे हाताला लागत असेल तर पक्षी खंगलेला आहे. शेपटीखालची पिसे विष्ठेने चिकटलेली नसावीत, नाकपुड्या कोरड्या असाव्यात. शेवटी पायावरची पिसे बाजूला करून खालचे खवले पाहा. ते वर उचललेले, पांढरट-खरबरीत असतील तर तो पक्षी फुकट मिळाला तरी आणू नका. कारण पुढे कुडाळच्या प्रश्नात आहे.

लसीकरणाबद्दल एकच प्रश्न आवर्जून विचारा : मरेक्सची (पक्ष्यांचे पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लस पिल्लू निघाले त्या दिवशी दिली होती का? ही लस नंतर देऊन फारसा उपयोग होत नाही, आणि सिल्की या रोगाला विशेष बळी पडते.

खरेदीचा काळ दिवाळी ते माघ. मे महिन्यात एस.टी.च्या टपावर किंवा बंद खोक्यात हे जाड पिसांचे पक्षी धापा टाकून मरतात. जूनमध्ये आणलेला पक्षी नव्या जागेचा ताण आणि ओल दोन्ही एकदम सोसतो.

याच संदर्भात एका तरुणाने विचारले आहे : ब्रह्मा ही आपली भारतीय जात आहे का?

नाही. हे नाव ‘ब्रह्मपुत्रा’वरून आले, पण जात घडली ती अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, शांघाय बंदरातून आलेल्या मोठ्या चिनी कोंबड्यांपासून. त्यांत चितगावकडच्या मलय प्रकारच्या पक्ष्यांचेही रक्त असावे असे मानले जाते. 1874 साली अमेरिकेतील जातींच्या मापदंडांचे पहिले पुस्तक निघाले, त्यातही ब्रह्मा आणि कोचीन होते. हे सांगण्याचे कारण असे की, ही जात थंड मुलखात वाढली. पूर्ण वाढलेला ब्रह्मा कोंबडा साडेपाच किलोच्या आसपास भरतो, कोंबडी सव्वाचार किलोची. एवढे वजन आणि एवढी पिसे घेऊन तो एप्रिलच्या दमट दुपारी चोच उघडी टाकून बसणारच. खाद्य पहाटे आणि दिवेलागणीला द्या, भर दुपारी देऊ नका. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा.

दापोली आणि देवगड दोन्हीकडून : खुराडे कसे बांधावे? गावठी कोंबड्यांसोबत ठेवले तर चालेल का?

पक्षी आणण्यापूर्वी खुराडे तयार हवे. जांभ्याच्या चिऱ्यांची दीड-दोन फूट उंच जोती घ्या. छपराची पागोळी भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर पडू द्या. पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप किंवा जाड प्लास्टिक असे लावा की उघडीप मिळाली की वर गुंडाळता येईल. हवा कायम बंद केली तर आत अमोनियाचा वास कोंडतो आणि पक्ष्यांचे डोळे जातात.

तळाला जाळीची फरशी करू नका. जाळीवर पायाची पिसे तुटतात, बोटे अडकतात. कोबा करून त्यावर तीन-चार इंच कोरडा भाताचा तूस पसरा आणि रोज सकाळी उलटापालट करा. तूस हातात मुठीत आवळून सोडला तर विस्कटला पाहिजे. गोळा राहिला तर ओल झाली, लगेच बदला आणि थोडा चुना मिसळा. नारळाच्या काथ्याचा भुसा स्वस्त मिळतो, पण तो पाणी धरून ठेवतो, पावसाळ्यात नको. ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते. पिल्लांची विष्ठा रक्ताळलेली दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, घरगुती काढ्यात वेळ घालवू नका.

बसण्याची दांडी जमिनीपासून फूटभरच उंच आणि रुंद, सपाट लाकडाची ठेवा. जड पक्षी उंचावरून उडी मारतो, तळव्याला जखम होते आणि आत गळू धरते. सिल्कीला दांडीच नको. ती कोरड्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसते. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे बारीक आकडे नसतात, म्हणून पाणी पिसांवरून ओघळत नाही, थेट कातडीपर्यंत जाते. पावसात भिजलेली सिल्की थंडीने मरू शकते.

आता गावठी कोंबड्यांचे. एकत्र ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. गावठी कोंबडा चपळ असतो, आणि शेंडीमुळे सिल्कीला वरचे आणि बाजूचे नीट दिसत नाही. शिवाय बऱ्याच सिल्कींच्या कवटीचा वरचा भाग पूर्ण भरलेला नसतो. तिथे चोच बसली तर पक्षी फिट येऊन मरतो. मुंगूस आणि धामण यांच्यासाठी बारीक जाळी जोत्यापर्यंत घट्ट लावणे हे तर आपल्याकडे कोणालाच सांगायला नको.

पावसाळ्यात खाद्याचे पोते फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. बुरशी आलेला मका फेका. तो घासून-वाळवूनही विषारीच राहतो.

कुडाळहून एक ताई लिहितात : कोचीनच्या पायांवरचे खवले उचलले गेले आहेत, पाय जाड झाले, पिसे तुटतात. शेजारचे म्हणतात रॉकेल लाव.

ताई, रॉकेल लावू नका, जळके ऑइलही नको. कातडी भाजते आणि पिसांची मुळे जातात. ही खवल्यांखाली घर करणाऱ्या, कोळ्याच्या कुळातल्या अगदी बारीक किडीची (माइट) लागण आहे. डोळ्यांना ती दिसत नाही. पायावर पिसे असली की ती उशिरा लक्षात येते, म्हणून या जातींत जास्त बळावते. कोमट साबणपाण्यात पाय दहा मिनिटे बुडवा, मऊ ब्रशने सुटलेले खवले काढा. घट्ट असलेले ओढू नका, रक्त येईल. पाय पूर्ण कोरडा करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन खवल्यांच्या फटीत जाईल असे जाडसर चोळा. हवा मिळाली नाही की कीड गुदमरते. असे आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे करा. आयव्हरमेक्टिन हे किडीवरचे औषध उपयोगी पडते, पण मात्रा पशुवैद्यकच ठरवतील आणि त्या काळातली अंडी खाऊ नका. सगळ्या पक्ष्यांचे पाय तपासा, दांड्या गरम पाण्याने धुऊन उन्हात टाका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अनेकजण या जातींची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. तिच्या पायाला ही कीड असेल तर ती पिल्लांना पहिल्या आठवड्यातच लागते. रवणीला बसवण्यापूर्वी तिचे पाय आधी पाहा.

मुरुड आणि वेंगुर्ल्याहून : गावठीशी संकर केला तर पिल्लांना पायावर पिसे येतील का? अंडी उबत नाहीत, काय करावे?

पायावरची पिसे हा गुण प्रबळ आहे, पण अर्धवट. पहिल्या पिढीत नडगीवर विरळ पिसे येतील, बोटांवर फारशी नाहीत. ती पिल्ले पुन्हा शुद्ध ब्रह्माशी लावली तर पिसे वाढतात. आपसांत लावली तर काही पिल्ले अगदी उघड्या पायांची निघतात. सिल्कीचे रेशमी पीस मात्र सुप्त गुण आहे. सिल्की आणि गावठीच्या पहिल्या पिढीत ते एकाही पिल्लात दिसणार नाही. त्या पिल्लांना पुन्हा सिल्कीशी लावले तर साधारण निम्म्यांत परत येते. म्हणून पहिल्या पिढीला ‘सिल्की’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, कृपया करू नका.

अंडी न फळण्याचे कारण जड जातींत बहुतेक वेळा साधे असते. मागच्या भागाची दाट पिसे नर-मादीच्या मध्ये येतात. दोघांचीही तिथली पिसे कात्रीने आखूड करा. एका ब्रह्मा कोंबड्याला चार ते सहा कोंबड्या पुरेत. अंडी आपल्या दमट उष्ण हवेत फार दिवस ठेवू नका, चार-पाच दिवसांत उबवायला लावा, टोकदार बाजू खाली करून. यंत्रात 37.5 अंश, आर्द्रता 55-60 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. एकूण 21 दिवस. जिथे वीज भरवशाची नाही तिथे सिल्की कोंबडीच सर्वांत चांगले यंत्र आहे. ती वर्षभरात अनेकदा खुडूक बसते आणि दुसऱ्याची अंडीही प्रेमाने उबवते.

कार्तिक ते पौष या काळात पिल्ले काढा, म्हणजे पावसाळ्यापर्यंत ती अंगाने भरतात. बाप-मुलगी, भाऊ-बहीण असे वर्षानुवर्षे लावत राहिलात तर अंडी फळणे कमी होते. दुसऱ्या गावातल्या एखाद्या पाळणाऱ्याशी कोंबडा अदलाबदल करा. ओळखीसाठी पायात कडे घालत असाल तर दर पंधरवड्याला पिसे बाजूला सारून पाहा. पिसांखाली ते रुतत जाते आणि पाय सुजेपर्यंत कळत नाही.

अलिबागहून : तालुक्याच्या पशुपक्षी प्रदर्शनात मुलीला तिची सिल्की आणि ब्रह्मा ठेवायची आहेत. तयारी कशी करावी?

मुलीला शाबासकी द्या. पावसाळ्यात तुटलेले पायाचे पीस त्याच जागी नीट होत नाही. वार्षिक पीसगळीत जुने गळून नवे येते. पीसगळ साधारण पावसाच्या अखेरीस सुरू होते, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीतच हे पक्षी पूर्ण देखणे दिसतात. पीसगळीच्या काळात प्रथिने वाढवा. सुकट-जवळा चांगला, पण मिठाचा नको. मिठाचा असेल तर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवूनच द्या.

पंधरा दिवस आधीपासून रोज थोडा वेळ लहान पिंजऱ्यात ठेवा आणि हातात घेऊन सवय लावा. दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूने धुवा. बोटांत वाळलेल्या चिखलाच्या गाठी ओढू नका, भिजवून सोडवा. पायाचे पीस मुळासकट उपटले तर रक्त वाहते. पूर्ण कोरडे होईपर्यंत बाहेर सोडू नका. सिल्कीला मंद हवेचा ड्रायर लागेलच. परीक्षक बोटे मोजतात, तुरा पाहतात, बोटांवरची पिसे सलग आहेत का ते पाहतात. ब्रह्मा आणि कोचीनमध्ये गुडघ्यामागून ताठ, लांब पिसे मागे येत असतील तर तो दोष धरतात. ती कापून लपवू नका. पुढच्या वर्षी जोडी निवडताना तो पक्षी बाजूला ठेवा.

प्रत्येक पक्षी वेगळ्या टोपलीत, खाली कोरडा पेंढा घालून न्या. परत आल्यावर तीन आठवडे वेगळा ठेवा, त्याला खाद्यपाणी शेवटी द्या आणि नंतर हात-पाय धुवा. या काळात शिंक, हिरवी विष्ठा किंवा मान वाकडी होणे दिसले, किंवा एकाएकी दोन-तीन पक्षी मेले, तर मेलेला पक्षी ओढ्यात किंवा रानात टाकू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.