पुस्तकातली रेषा आणि टेबलावरचा फोन

नायब तहसीलदार म्हणून रुजू होण्याआधी तुम्ही विचारलंय की धोरण लोकप्रतिनिधींनी ठरवायचं आणि अंमल प्रशासनाने करायचा, ही रेषा प्रत्यक्षात असते कुठे? आणि फोन आला तर काय करायचं? महसुलात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अतिवृष्टीनंतरचे पंचनामे घ्या. हेक्टरी मदत किती आणि किती हेक्टरांपर्यंत द्यायची, हे सरकार ठरवतं. तो त्यांचाच अधिकार. दर आपल्याला कमी वाटला तरी आपण तो बदलायचा नाही. नुकसान किती झालं, ते मात्र तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकांनी शेतात उभं राहून लिहायचं. मग आमदारांचा फोन येतो. ‘ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कुणी फिरकलंच नाही’, ही तक्रार झाली. ताबडतोब माणूस पाठवा, जमलं तर स्वतः जा. लोकांचं गाऱ्हाणं पोचवणं हे त्यांचं कामच आहे. ‘अमक्याचं तेवढं क्षेत्र वाढवून टाका’, हा हस्तक्षेप. सुरुवातीला मी दोन्ही फोनना सारखाच ताठ राहिलो आणि एक वस्ती खरोखर पंचनाम्यातून सुटली. ते अजून सलतं. तेव्हा प्रत्येक फोन म्हणजे दबाव, असं धरून चालू नका.

तोंडी आदेशाबद्दल टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑक्टोबर २०१३ चा निकाल जरूर वाचा. तोंडी सूचनांवर अधिकाऱ्यांनी काम करू नये, त्यांची नोंद व्हावी, असं त्यात आहे. कागदच नसेल तर माहिती अधिकारात नागरिकाच्या हाती लागणार काय? फोनवर वाद घालू नका. ‘साहेब, प्रस्ताव सादर करतो’ म्हणा आणि टिपणीत सूचना कुणाची, कधीची, नियम काय म्हणतो, ते मांडा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ आदेश तिथेच विरतात. पण कायद्यात बसणारा वेगळा निर्णय वरून सहीनिशी आला, तर मनापासून राबवा, तिथे रुसायचं नाही. माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो, असं सरदार पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं. टिपणी सचिवाने लिहायची, निर्णय मंत्र्याने घ्यायचा.

बदलीची भीती खरी आहे. २००५ च्या बदली कायद्यात आपल्याकडे साधारण ३ वर्षांचा कार्यकाळ आणि एप्रिल-मे हे महिने ठरलेले आहेत, पण अपवादाची कलमंही त्यातच आहेत. मुदतपूर्व बदलीला लेखी कारणं लागतात. ती नसतील तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते. माझी दोनदा मुदतीआधी बदली झाली. मुलांच्या शाळा मोडल्या, घरच्यांनी सोसलं.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही रेषा बऱ्याचदा आधी आपणच पुसतो, सोयीच्या जागेसाठी शिफारसपत्र आणतो तेव्हा. सेवेच्या बाबतीत बाहेरचं वजन आणायला वर्तणूक नियमांत मनाई आहे, तरी ती पत्रं सर्रास फिरतात. ज्यांच्या पत्रावर खुर्ची मिळाली, त्यांनाच पुढे पंचनाम्याच्या वेळी ‘लेखी द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. पहिली नेमणूक कुठेही मिळो, पत्र न आणता रुजू व्हा.