ऑक्टोबरात अ‍ॅलर्जीने नाक चोंदतं; महिनाभर सीपॅप मशीन बंद ठेवलं तर चालेल का?

गणपती गेले की शिंका सुरू होतात, रात्री मास्क लावला की गुदमरतं, आणि घरचे म्हणतात "दिवाळी होईपर्यंत राहू दे ते मशीन", असं तुम्ही लिहिलंय. राहू देऊ नका. मीही नाशिकचीच, इंदिरानगरला राहते. सीपॅप लावून झोपायला लागून काही वर्षं झाली, आणि अ‍ॅलर्जी तर शाळेपासूनची. मशीन अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा आजार) बरा करत नाही. चालू आहे तोवर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, इतकंच. बंद केलं की एक-दोन रात्रींत घोरणं आणि श्वास अडकणं पुन्हा सुरू. त्यात नाक चोंदलेलं असेल तर त्रास वाढतोच. म्हणजे गरज जास्त तेव्हाच मशीन कपाटात!

माझं म्हणणं एवढंच, की मास्कशी भांडण्याआधी नाकाकडे बघा. नाक बंद झालं की झोपेत तोंड उघडतं. नाकातून आत येणारी हवा तोंडावाटे पळून जाते, त्या सततच्या झोताने नाक आतून सुकतं, आणि सुकलेलं नाक आणखी सुजतं. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली आणि नाक कालच्यापेक्षा जास्त बंद. दोष मशीनवर जातो, सुरुवात मात्र अ‍ॅलर्जीची असते.

आपल्याकडे पाऊस ओसरला की गवतं फुलोऱ्यावर येतात, मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत पांढरं दिसायला लागतं. ओल धरलेल्या भिंतींची बुरशी आणि गाद्या-उशांतले धूळकिडे आधीपासून असतातच. त्यावर दिवाळीची साफसफाई आणि फटाके. माळ्यावरचं सामान काढायचं काम या दिवसांत दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. मी सोपवते, आणि त्याबद्दल जे ऐकावं लागतं ते ऐकून घेते.

आता नाकाचं. नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे) हा या दिवसांतला खरा आधार. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण हा डोस थोडा असतो आणि काम मुख्यतः नाकापुरतं करतो. अडचण अशी, की तो मारल्या मारल्या नाक मोकळं करत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. म्हणून शिंकांची वाट न बघता गणपती बसायच्या सुमारासच डॉक्टरांना विचारून सुरू करा. मारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर बसत राहिला तर घोळणा फुटतो. स्प्रे आणि मास्क यांत थोडा वेळ जाऊ द्या.

मेडिकलवाला हातात ठेवतो ते थेंब वेगळे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे. ते काही मिनिटांत नाक उघडतात, म्हणून तर सवय लागते. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर त्यांचा असर उतरल्यावर नाक उलट जास्त सुजतं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांचंही जपून. त्यांत बऱ्याचदा फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिल्याने बीपी वाढू शकतं, दुसऱ्याने गुंगी येते. आपल्यातल्या अनेकांना बीपी असतोच. कमी गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मिळतात, फेक्सोफेनाडिनसारख्या. तुम्हाला कुठली चालेल ते डॉक्टर ठरवतील.

स्प्रेआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. जलनेती येत असेल तर तीच करा. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड घ्या, नळाचं थेट कधीच नको. नाकात तूप सोडायची सवय असेल तर डॉक्टरांशी बोला. तेलकट पदार्थाने मास्कची सिलिकॉनची गादी खराब होते, शिवाय मास्क घसरून हवा गळते ते वेगळंच.

नाक थोडं वळणावर आलं की मग मशीन. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी) असेल तर तो एक-एक पायरीने वाढवत बघा, कोरडेपणाला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला, रोज बदला. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी यासाठी नाही. निलगिरीचं तेल किंवा बाम तर टाकीत मुळीच टाकू नका, ते थेट फुफ्फुसात जाईल. थंडीत, म्हणजे निफाडचा पारा पेपरात यायला लागला की, नळीत पाणी साचून गुडगुडतं. तेव्हा ह्युमिडिफायर थोडा कमी करा, नळीवर कापडी खोळ घाला, आणि मशीन उशीपेक्षा खाली पण जमिनीपासून वर ठेवा. फिल्टर मात्र या दिवसांत नेहमीपेक्षा लवकर तपासा. करडा दिसला की बदला.

मशीन खोलीतलीच हवा ओढतं, हे घरात एकदा सगळ्यांना सांगून टाका. आमच्याकडे सासूबाई संध्याकाळी धूप फिरवायच्या तो बेडरूमपर्यंत यायचा. "देवाचा धूर कसा बाधेल?" यावर बरीच चर्चा झाली, शेवटी धूप देवघरात राहिला. डासांची कॉइलही बंद केली, मच्छरदाणी लावली. झोपण्याआधी केस धुतले किंवा निदान ओल्या टॉवेलने पुसले तर दिवसभराचे परागकण उशीवर जात नाहीत. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने, पट्टे आठवड्याला धुवा. पट्ट्यांत धूळ बसते हे लक्षात येत नाही.

फक्त नाकावरचा मास्क असेल आणि नाक उघडतच नसेल, तर तेवढ्या दिवसांसाठी नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क ठेवा. त्याला कधी कधी दाब वेगळा लागतो, म्हणून बदल डॉक्टरांना किंवा मशीनवाल्या टेक्निशियनला कळवा. दाब स्वतःहून फिरवू नका. ताप, गालांत-कपाळात ठणका, कान दुखणं, वारंवार रक्त येणं असेल तर ईएनटीकडे जा. एकच बाजू बारा महिने बंद राहत असेल तरीही जा. मधला पडदा वाकडा असला तर स्प्रेने तो सरळ होत नाही.

आणि एखाद्या रात्री मास्क अगदीच सोसवला नाही, तर डोक्याकडची बाजू उंच करून कुशीवर झोपा, दारू आणि झोपेची गोळी टाळा. दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं असेल तर कसारा घाटात स्टिअरिंग स्वतःच्या हातात घेऊ नका, पंचवटी एक्सप्रेस पकडा.