लीग सरस की युनियन?

प्रश्न : रग्बीचे लीग आणि युनियन असे दोन पंथ का पडले आणि आपल्या मते सरस कोणता?

उत्तर : या वादाचे मूळ खेळात नसून मजुरीत आहे. सामन्यासाठी बुडालेल्या रोजाची भरपाई कामगार खेळाडूंना मिळावी, ही मागणी फेटाळली गेल्यामुळे उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे वेगळी चूल मांडली; तीच पुढे लीग झाली. गंमत म्हणजे युनियनला उघड व्यावसायिकता स्वीकारायला त्यानंतर तब्बल १०० वर्षे लागली. १३ खेळाडूंच्या लीगमध्ये सहाव्या टॅकलनंतर (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून रोखणे म्हणजे टॅकल) चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागत असल्याने खेळ वाहता राहतो, म्हणून माझा कौल तिकडेच. मात्र स्क्रममधील (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात तो डाव) खरी झुंज पाहावी ती १५ जणांच्या युनियनमध्येच. लीगमध्ये तो निव्वळ उपचार उरला आहे.