दुर्बीण गळ्यात, छातीवर की बॅगेत?

प्रश्न : नमस्कार दादा, मी परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. दुर्बीण १०×४२ ची आहे (दहा पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिमीची), सोबत आलेला पट्टा गळ्यात घालतो पण दुपारपर्यंत मान पार अवघडून जाते, वाकलं की दुर्बीण पुढे झुलते आणि रायफलवर आपटून टणकन आवाज होतो. म्हणून हल्ली ती बॅगेतच टाकतो आणि लागलंच तर रायफलवरच्या स्कोपमधून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतून बघून घेतो. हार्नेस घेऊ, छातीवरचा पाऊच घेऊ की कमरेला लावू? आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र), चाकू, गोळ्या, टॉर्च असलं बारीकसारीक सामान कुठे ठेवायचं?

उत्तर : मानेचं बघू, पण आधी ते स्कोपचं बोलतो कारण ते वाचून मला खरंच काळजी वाटली. स्कोपमधून बघायचं म्हणजे भरलेल्या रायफलची नळी तिकडे वळवायची, आणि झुडपात काय हललं हे तुम्हाला अजून माहीतच नाहीये, म्हणून तर बघताय ना. हरीण असेल, दुसरा शिकारी असेल, लाकडं वेचायला आलेलं कुणी असेल. ओळख पटायच्या आत नळी तिकडे जाताच कामा नये. हे सगळ्यांना माहीत असतं तरी होतं, कारण दुर्बीण बॅगेत असते आणि रायफल हातात, घाईत माणूस जे हाताशी आहे तेच उचलतो. त्यामुळे माझा निकष एकच आहे, रायफल खांद्याला लागायच्या आधी दुर्बीण डोळ्याला लागली पाहिजे, तीही आवाज न करता आणि हात फार न हलवता. मान दुखणं कमी होतं हा त्यातला जास्तीचा फायदा.

या निकषावर बॅग बादच. कमरेचा पाऊच पण मला पटत नाही, हात खाली जाऊन वर येईपर्यंत हालचाल मोठी होते आणि हरीण हालचाल फार पटकन टिपतं, शिवाय बसलं की पाऊच मांडीत रुततो. एका खांद्यावरून तिरका पट्टा घालून दुर्बीण काखेखाली ठेवणारे बरेच आहेत, थोडा वेळ फिरायला ते ठीक, पण वाकलं की ती सरकून पुढे येतेच. राहिले हार्नेस आणि छातीवरचा पाऊच.

४२ मिमीच्या दुर्बिणीचं वजन साधारण ६०० ते ८०० ग्रॅम असतं. ते मानेच्या एका बारीक पट्टीवर दिवसभर टांगण्यापेक्षा दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर वाटलं गेलं की फरक लगेच कळतो. साधा हार्नेस म्हणजे पाठीवर फुली मारणारे दोन पट्टे, हलका, उकडत नाही, दुर्बीण छातीला चिकटून राहते. पण ती उघडी असते, पाऊस धूळ काट्या सगळं काचेवर. सपाट मोकळ्या रानात, कोरड्या हवेत मी तोच सुचवेन. झाडीतून घुसायचं असेल, रांगायचं असेल, पावसाचा भरवसा नसेल तर झाकणाचा पाऊच घ्या. तुमची दुर्बीण रायफलवर आपटते म्हणताय, म्हणजे तुम्हाला पाऊचच बरा.

आता पाऊच घेताना झाकणाकडे नीट बघा, बाकी कप्पे किती आहेत हे नंतर. वेल्क्रोचं झाकण शांत रानात चर्रर्र करून उघडतं, सगळी मेहनत तिथेच वाया, ते नकोच. चेन पण दोन हात मागते. मॅग्नेटचं किंवा इलास्टिकच्या आकड्याचं झाकण एका हाताने उघडतं. मॅग्नेटचं असेल तर ते फट्कन बंद होऊ न देता बोटाने धरून टेकवायची सवय लावा, आणि होकायंत्र त्या पाऊचमध्ये किंवा जवळ ठेवू नका, सुई चुकते, मोबाईलमधलं होकायंत्र सुद्धा चुकतं. झाकण छातीच्या बाजूला न पडता पुढच्या बाजूला पडणारं बघा, म्हणजे दुर्बीण काढताना आणि परत ठेवताना मध्ये येत नाही. चढ चढून घाम आला की अंगाची वाफ बंद पाऊचमध्ये कोंडते आणि ऐन वेळी काचेवर धुकं, त्यामुळे चढताना झाकण थोडं उघडं ठेवलेलं बरं.

पट्टे असे ओढा की पाऊच बरगड्यांच्या वरच्या भागावर बसेल, पोटावर लोंबला तर पायाखालची वाट दिसत नाही आणि चालताना उड्या मारतो. आधी हार्नेस, त्यावर बॅग, आणि मग रिकामी रायफल खांद्याला लावून बघा, दस्ता जिथे टेकतो तिथे बकल येत असेल तर ते खाली सरकवा नाहीतर धक्का बकलवर बसेल आणि नेम पण बिघडेल. पालथं पडून नेम धरणार असाल तर पाऊच एका बाजूला सरकवता येतो ना तेही घरीच बघून ठेवा. आणि जिथे नारिंगी जॅकेट सक्तीचं आहे तिथे पाऊचने समोरचा नारिंगी रंग झाकून टाकू नका, तो रंग तुमच्या जिवासाठी आहे.

सामानाचं म्हणाल तर छातीवर फक्त ज्याला सावज समोर असताना हात लागतो तेच. म्हणजे रेंजफाइंडर, वाऱ्याची दिशा बघायची पावडरची बाटली, काच पुसायचं फडकं. रेंजफाइंडर रायफल न धरणाऱ्या हाताच्या बाजूला आणि दोरीने बांधलेला. चाकू छातीवर अजिबात नको, घसरून तोंडावर पडलात तर काय होईल विचार करा, तो कडक म्यानात कमरेला किंवा बॅगेत. गोळ्या बंद कप्प्यात एकट्या, किल्ल्या नाण्यांसोबत नाही, आणि घरात दोन मापांच्या रायफली असतील तर ज्या रायफलीने निघालात तिच्याच गोळ्या अंगावर. परवाना, शिट्टी, लायटर, छोटा टॉर्च हे मात्र बॅगेत नको, अंगावरच्या खिशात हवं, कारण माग काढताना लोक बॅग झाडाखाली ठेवून पुढे जातात आणि अंधार पडला की तीच सापडत नाही.

सगळं चढवून झालं की घरी जागच्या जागी चार उड्या मारा आणि कान देऊन ऐका. जे खुळखुळतंय त्याला कपडा गुंडाळा, चेनचे धातूचे हूक काढून सुतळी बांधा.

प्रश्न : मी धनुष्याने शिकार करते. छातीवरचा पाऊच चालेल का? मचाणावर बसते बहुतेक वेळा.

उत्तर : चालेल ताई, पण पातळ घ्या आणि आधी दोरी लागते का बघा. पूर्ण ताणल्यावर दोरी छातीच्या किती जवळ येते हे स्वतःला दिसत नाही, म्हणून कुणाला तरी बाजूला, थोडं मागे उभं करून बघायला सांगा. त्यासाठी नुसतं धनुष्य ताणू नका, बाण लावा, समोर निशाणाचा गठ्ठा ठेवा, ताणून दोरी हातातून न सोडता सावकाश परत जागेवर आणा. बाण नसताना दोरी सुटली तर धनुष्याचे तुकडे होऊ शकतात आणि इजा होते. हे उभं राहून तर कराच पण बसून, वाकून पण करा, मचाणावरून खाली नेम धरताना अंतर बदलतं. दोरी लागत असेल तर पाऊच वर ओढा किंवा दोरीच्या उलट बाजूला सरकवा, नाहीच जमलं तर मचाणावर चढल्यावर तो काढून हाताशी फांदीला अडकवा, बसूनच राहायचंय तर काही बिघडत नाही. पडू नये म्हणून जो सेफ्टी हार्नेस घालता तो आधी अंगाला घट्ट, पाऊच त्याच्यावर, उलटं कधीच नाही. आणि धनुष्य खांद्यावर घेऊन चढू नका, वर बसून सेफ्टी हार्नेसचा पट्टा अडकवला की मग दोरीने ओढून घ्या.

प्रश्न : वजनाचा एवढा त्रास आहे तर छोटी १०×२५ घेतली तर प्रश्नच मिटेल ना? आणि मला पेसमेकर आहे, मॅग्नेटच्या पाऊचने काही होतं का?

उत्तर : छोटी खिशात मावते हे खरं, पण हरीण हलतं पहाटे आणि संध्याकाळी, आणि तेव्हाच ती कमी पडते. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे तुमच्या डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. १०×२५ ला ती २.५ मिमी येते, १०×४२ ला ४.२, आणि अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली ५ मिमी किंवा जास्त उघडलेली असते, त्यामुळे छोटीतून झाडीतलं सगळं काळपट दिसतं. वजन कमीच करायचं असेल तर ८×३२ बघा, तिथे ४ मिमी मिळतात, पट कमी असल्याने हात थरथरला तरी चित्र कमी हलतं आणि वजनही बरंच खाली येतं.

पेसमेकरला मॅग्नेटचा पाऊच नकोच. मॅग्नेट अगदी जवळ आला की पेसमेकर वेगळ्या मोडमध्ये जाऊ शकतो, म्हणून मॅग्नेट असलेल्या वस्तू त्यापासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, आणि हा पाऊच तर थेट छातीवर. इलास्टिकच्या आकड्याचा घ्या, पेसमेकर बसवलाय त्या बाजूला पट्टा किंवा बकल दाबत नाही ना तेही बघा, आणि रायफलचा धक्का त्या खांद्यावर चालेल का हे निघायच्या आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.